पोडियममागची पायरी

मित्रांनो, माझी उंची जेमतेम एक वीत. मी एक जुनी लाकडी पायरी आहे आणि सध्या सभागृहाच्या जिन्याखालच्या कोठडीत राहते. माझ्या डोक्यावर फिनाइलची बादली ठेवलेली आहे. तिच्या बुडाला बारीक भोक पडलंय, त्यामुळे माझ्या अंगाला कायम वास मारतो. असो. मी काही तक्रार करायला बसलेली नाही. म्हणजे थोडी करणार आहे, पण ती ओघात येईल.

माझा जन्म एका चुकीतून झाला. आमच्या वस्तीचं सभागृह बांधून झालं, तेव्हा भाषणासाठी पोडियम हवं होतं. सुतार माप घ्यायला आला. समोर वस्तीच्या समितीचे अध्यक्ष उभे होते, आणि ते चांगले ताडमाड! सुतारानं त्यांच्याच छातीला टेप लावली आणि कामाला लागला. पोडियम झालं झकास. पण पहिल्याच सभेत चिटणीसबाई त्यामागे उभ्या राहिल्या आणि लोकांना दिसला फक्त त्यांचा अंबाडा. सुतारानं जीभ चावली. उरलेल्या फळ्यांतून त्यानं मला ठोकलं, कडा घासून गुळगुळीत केल्या आणि म्हणाला, "जा बाई, माझी लाज राख."

आता लाज राखायची, तर कुणी माझ्यावर चढायला नको? दर महिन्याला सभा भरायची. रहिवाशांपैकी कुणीही उठून बोलावं, असा नियम होता. पण माझ्यावर पाय ठेवायचा म्हणजे आपण बुटके आहोत, हे चारचौघांत कबूल करायचं! "पायरीवर चढून बोलायला मी काय लहान पोर आहे?" असं म्हणत शिंपीदादा मला पायानं बाजूला सारायचे आणि टाचा उंचावून बोलायचे. मग घरी जाईपर्यंत पोटऱ्या चोळत बसायचे. मला हसूही यायचं आणि वाईटही वाटायचं. कामासाठी जन्माला यावं आणि कुणी कामच सांगू नये, हे फार जिव्हारी लागतं हो. पाच वर्षं मी पडद्यामागे धूळ खात पडून होते.

मग बुटकी आली. हे नाव तिला शाळेतल्या पोरांनी ठेवलेलं. वय अकरा, दोन वेण्या, हातात वहीचं फाडलेलं पान. तिची आई इस्त्रीचं दुकान चालवायची. वस्ती आणि शाळा यांच्यामध्ये कालवा होता. त्यावरच्या अरुंद पुलाचा एका बाजूचा कठडा तुटला होता. तिथूनच बुटकीचा धाकटा भाऊ खाली पडला. नशीब, पाणी कमी होतं; पाय मोडण्यावर निभावलं. बुटकीला तो कठडा बसवून हवा होता. बस्स, एवढंच.

सभेत ती पोडियममागे गेली आणि दिसेनाशीच झाली. "कोण बोलतंय? पोडियम बोलतंय का?" मागून कुणीतरी ओरडलं आणि सगळे खदखदून हसले. अध्यक्षसुद्धा. माझ्यापासून दोन हातांवर उभी होती ती. मला चार पाय आहेत, पण एकानंही हलता येत नाही, याचा इतका राग मला कधी आला नव्हता. तिनं पानाची घडी केली आणि ती निघून गेली.

पुढच्या महिन्यात मात्र ती परत आली. आमचे शिपाईकाका तोंडानं फटकळ, पण त्यांनी मला ओढून पोडियममागे ठेवलं आणि म्हणाले, "चढ. जो हसेल, त्याच्याकडेच बघून बोल."

तिचे पाय गार पडले होते. ती म्हणाली, "कुणाला हसायचं असेल तर आधी हसून घ्या. मी थांबते. मग कठड्याचं बोलते."

कुणी हसलं नाही.

"माझा भाऊ पडला तेव्हा पाणी गुडघाभर होतं. कालव्याला पाणी सोडलं की तिथं माणूस बुडतं. रोज त्या पुलावरून बेचाळीस मुलं जातात. मी चार दिवस उभं राहून मोजलीत."

तीन आठवड्यांत कठडा बसला! मित्रांनो, माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मग काय, बुटकीनं पोरापोरींची फौजच जमवली. कुणी गल्लीतल्या दिव्यांसाठी बोललं, कुणी शाळेतल्या नळांसाठी. प्रत्येकाला ती सांगायची, "आधी पायरीवर दोन्ही पाय नीट टेकव. श्वास घे. मग बोल." त्यांच्या पायांनी मी मधोमध झिजले. ते माझे सुखाचे दिवस होते.

पोरं वाढतातच. एके दिवशी बुटकी मला ओलांडून थेट पोडियमशी गेली आणि बोलू लागली. तिला माझी गरज उरली नव्हती. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पण माझा मधला झिजलेला खळगा त्या दिवशी रिकामाच राहिला.

पुढे ती अध्यक्ष झाली. तिला बुटकी म्हणायची आता कुणाची टाप नव्हती. जुन्या पोडियमला वाळवी लागली, म्हणून नवं करायला त्याच सुताराचा मुलगा आला. त्यानं समोर पाहिलं. अध्यक्षबाई उभ्या होत्या. त्यानं त्यांच्याच उंचीला टेप लावली. "अगं, तुझं नको! तुझं माप नको देऊस!" मी जिवाच्या आकांतानं ओरडले. पण लाकडाचं ओरडणं कोण ऐकणार?

"ही जुनी कुठं ठेवू?" त्यानं माझ्याकडे बोट दाखवून विचारलं.

ती फोनवर बोलत होती. "टाका कोठडीत," म्हणाली. शिपाईकाका तोवर निवृत्त झाले होते. नाहीतर दोन शब्द बोललेच असते.

भिंतीपलीकडच्या सभा मला अजून ऐकू येतात. गेल्या महिन्यात एक कोवळा आवाज आला, "आमच्या गल्लीतली विहीर उघडी आहे..." आणि लगेच कुणीतरी ओरडलं, "अगं, दिसत नाहीस! नुसता चष्मा दिसतोय!" सगळे हसले. त्या हसण्यात एक हसू माझ्या ओळखीचं होतं. किती वर्षं मी तिला पेललंय, तिचं हसू मला कळणार नाही? ती दुष्ट नाही हो. तिला आठवलं नाही, इतकंच.

सभा संपल्यावर ती चष्मेवाली पोर वडिलांबरोबर माझ्या डोक्यावरच्या जिन्यात येऊन बसली. नाक ओढत म्हणाली, "बाबा, मी परत नाही येणार."

मित्रांनो, तुम्ही उंच व्हाल. व्हायलाच हवं. पण आपण कशावर उभं राहून पहिल्यांदा बोललो, ते विसरू नका, आणि ते मागून येणाऱ्यासाठी जागच्या जागी ठेवा. पुढची सभा सोमवारी आहे. तुमच्यापैकी कुणाला ती चष्मेवाली भेटली, तर तिला एवढंच सांगा: जिन्याखालच्या कोठडीला कुलूप नाही, नुसती कडी आहे. आणि बादली कधीचीच रिकामी झालीय. एका हातानं उचलता येईल.