खोटी हाक

पुस्तकात वादळाचा धडा दीड पानाचा होता, आणि तो पाठ करून कुठलंही मूल वाचलं नसतं. निदान बाईंचं तरी तसं ठाम मत होतं. म्हणून त्यांनी धडा बाजूला ठेवला आणि खेळ काढला. घंटा लांबलचक वाजली की वादळ आलं. असाल तिथून जवळची बिनखिडकीची खोली गाठायची, दार लावायचं, टेबलाखाली गुडघ्यांत डोकं घालून बसायचं आणि तोंडाला कुलूप. घंटा तीनदा वाजली की वादळ गेलं, खेळ संपला.

खरी गोम होती ती मधल्या शांततेत. समुद्रावरून येणारं मोठं वादळ फसवं असतं. वारा मध्येच एकाएकी पडतो, चक्क ऊनही पडतं, लोकांना वाटतं सुटलो एकदाचे, आणि मग उरलेलं अर्धं वादळ उलट्या दिशेने येऊन आदळतं. मागच्या खेपेला असाच एक गवंडी शांततेत शिडी लावून छप्पर बघायला चढला होता. तो शिडीसकट गेला. हे मुलांच्या डोक्यात पक्कं बसावं म्हणून बाई खेळाच्या मध्यावर दाराबाहेर उभ्या राहायच्या आणि मधाळ आवाजात हाक मारायच्या, "चला रे बाळांनो, संपलं वादळ! घरी जायचं ना?" दार उघडेल तो आउट. शप्पथ घातली तरी, रडून दाखवलं तरी, घंटेशिवाय कुणावर म्हणून विश्वास ठेवायचा नाही.

मुलं तरबेज झाली. एक सोडून.

ती एक म्हणजे बाईंच्या सख्ख्या बहिणीची मुलगी. वर्गात तिला सगळे रेडिओ म्हणायचे, आणि नाव ठेवणाऱ्याने उगाच ठेवलं नव्हतं. सकाळी तोंडात ब्रश असतानाच तिचं प्रसारण सुरू व्हायचं ते रात्री झोपेतही थोडं चालू राहायचं. तिची आई दवाखान्यात परिचारिका, पाळ्या कधीही लागायच्या, त्यामुळे पोरगी सगळा दिवस मावशीच्या पदरात. घरी मावशी, शाळेत बाई, हा नियम. "जरा गप्प बस गं, कान किटले माझे," हे वाक्य मावशी दिवसातून इतक्यांदा म्हणायची की रेडिओ त्याला 'हो' म्हणून पुढे बोलत राहायची.

खेळात ती दर वेळी आउट. मागच्या खेपेला तर तिने दार किलकिलं करून विचारलं, "मावशी, खरंच संपलं?" म्हणजे दार उघडलं, तोंडही उघडलं आणि शाळेत मावशीही म्हणाली. वर्ग खो खो हसला. बाईही हसल्या. त्या रात्री जेवताना रेडिओ कधी नव्हे ती गप्प होती. शेवटी ताटाकडे बघतच म्हणाली, "पुढच्या वेळी बघ. कितीही हाका मार तू."

वादळ संध्याकाळी येणार असं सांगितलं होतं, म्हणून शाळा दुपारीच सोडली. पालक आले, मुलांना बखोटीला धरून घेऊन गेले. ज्यांचे पालक पोचले नव्हते अशी सात-आठ मुलं तेवढी राहिली. बाईंनी छत्री उचलली, मग पर्स आठवली. "रेडिओ, पलीकडच्या इमारतीत शिक्षकखोलीत माझी पर्स राहिलीय. पळत जा, पळत ये."

पोरगी पळत गेली. मैदान ओलांडून पलीकडच्या दारात शिरताना दिसली, आणि तेवढ्यात उजेड गेला. वाऱ्याचा पहिला तडाखा बसला तसे सायकलींच्या छपराचे पत्रे उचलून मैदानभर फिरायला लागले. वेळापत्रक माणसांचं होतं, वादळाने ते पाहिलंच नव्हतं. मोठ्या सरांनी मुलांना मधल्या कोठीत ढकललं. बाई बाहेरच्या दाराकडे धावल्या, तर सरांनी त्यांचं मनगट धरलं.

"सोडा सर! ती तिकडे आहे!"

"पत्रे दिसतात ना? मैदानाच्या मध्यापर्यंतसुद्धा पोचणार नाही तुम्ही. आणि ही पोरं कुणाची, बाई?"

बाई थांबल्या. त्या थांबल्या हे त्यांना जन्मभर पुरणार होतं, पण त्या थांबल्या. कोठीच्या अंधारात मुलं शिकवल्याबरहुकूम बसली होती, गुडघ्यांत डोकी, एक चकार शब्द नाही. बाहेर काहीतरी मोठं कोसळलं. भिंत पाठीला थरथरलेली कळली. कोसळलं ते मैदानापलीकडे, हेही कळलं. बहिणीला काय तोंड दाखवू, एवढाच विचार डोक्यात घिरट्या घालत राहिला आणि बाईंना स्वतःची लाज वाटली, की पोरीच्या आधी आपल्याला आपलं तोंड आठवलं.

मग वारा पडला. कुणी नळ बंद करावा तसा.

बाई उठल्या. सर म्हणाले, "बाई, ही मधली शांतता. आपणच शिकवलंय—"

"माहितेय मला."

"उलटा वारा कधी सुरू होईल..."

"तोवर येते. नाही आले तर दार उघडू नका. मी हाक मारली तरी."

मैदानावर पिवळट ऊन पडलं होतं. पक्षी चिखलात बसले होते. माणूस जवळून गेलं तरी उडत नव्हते. पलीकडच्या इमारतीचं अर्धं छप्पर गेलं होतं. शिक्षकखोलीची भिंत आडवी होऊन वऱ्हांड्यात पडली होती आणि पुढच्या सगळ्या दारांशी विटांचा, वाशांचा ढीग. प्रयोगशाळेचं सामान ठेवायची खोली, खेळाच्या सामानाची, नकाशांची, स्वच्छतागृहं. सगळ्या बिनखिडकीच्या. कुठली उकरायची?

"रेडिओ!"

बाई एका दारावरून दुसऱ्या दाराकडे धावल्या.

"रेडिओ! अगं कुठे आहेस?"

शांतता अशी होती की कौलांवरून गळणारं पाणी ऐकू येत होतं. जिला गप्प करता करता जीव मेटाकुटीला यायचा, तिचा आवाज नाही. बाई ढिगाला धरून उभ्या राहिल्या आणि जिवाच्या आकांताने ओरडल्या, "ये गं बाळा, संपलं वादळ! घरी जायचं ना?"

आणि स्वतःचंच वाक्य त्यांच्या कानांवर आलं. तेच शब्द, तोच सूर.

पोरगी जिवंत असेल तर आता कुठल्यातरी दाराआड ओठ आवळून बसली असेल. जिंकायला बसली असेल.

बाई वऱ्हांड्याच्या टोकाला धावल्या. घंटेचं बटण जागेवर होतं. दाबलं, पुन्हा दाबलं, मुठीने ठोकलं. वादळात वीज सगळ्यात आधी जाते, हे फळ्यावर पहिलं वाक्य त्यांनी स्वतः लिहिलं होतं, टपोऱ्या अक्षरात. आणि वादळ संपल्याची खूण मात्र विजेच्या घंटेवर ठेवली होती. एवढ्या शहाण्या शाळेत कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

"अगं मी मावशी! खोटं नाही गं, तुझी शप्पथ!" पण शप्पथही त्यांनी खेळात कधीच वापरून संपवली होती. आता त्यांच्याजवळ खरा असा एक शब्द उरला नव्हता.

समुद्राच्या बाजूला काळं काहीतरी उभं राहत होतं. लांबून घरघर येऊ लागली. चिखलातले पक्षी एकमेकांना खेटले.

बाईंनी ओंजळ तोंडाशी धरली आणि पन्नाशीला आलेल्या त्या बाईने, डोळ्यांतून पाणी गळत असताना, तोंडाने घंटा वाजवली. "टर्रर्रर्र! टर्रर्रर्र! टर्रर्रर्र!"

मग नकाशांच्या खोलीतून, विटांच्या मागून, ठसक्यात आवाज आला:

"ही तोंडाची घंटा आहे! मी नाही फसायची!"

बाईंना हसू आलं की हुंदका, त्यांना कळलं नाही. त्या विटा उपसायला लागल्या. नखं फुटली. दार वितीपेक्षा थोडं जास्त सरकलं, तेवढ्यात पहिला उलटा झोत आला आणि पदर तोंडावर आपटला. पोरीला घेऊन मैदान ओलांडायची वेळ निघून गेली होती. बाई अंग चोरून आत शिरल्या, दार जमेल तेवढं ओढून घेतलं आणि टेबलाखाली तिच्याशेजारी सरपटल्या. रेडिओने पर्स पोटाशी धरली होती.

"बोलले ना मी शेवटी. म्हणजे आउट ना?"

"नाही गं. मी आउट."

"मग संपलं वादळ?"

आता खोटं बोलायची सोय नव्हती. "नाही. अर्धं यायचंय अजून."

"मग तू बाहेर कशी आलीस?"

बाईंनी दाराकडे पाहिलं. आधी वारा भिंतीच्या बाजूने आला होता. आता तो दाराच्या बाजूने येणार होता, आणि दार नीट लागलं नव्हतं. फटीतला उजेड काळवंडला. वर एक वासा कुरकुरला. त्यांनी पोरीला छातीखाली घेतलं.

"मावशी, आता बोलू?"

"बोल. थांबू नकोस अजिबात."

"काय बोलू?"

"काहीही. तुला येतं तेवढं सगळं."

रेडिओ सुरू झाली. पर्सची चेन तुटलीय पण ती तिने तोडलेली नाही, आधीच तुटलेली होती. आफ्रिकेचा नकाशा भिजलाय. आणि अंधारात तिला भीती वाटली, पण थोडीच. वारा वाढत गेला. आधी शब्द तुटक झाले, मग नुसता आवाज उरला, मग तोही बुडाला. बाईंनी चाचपडत तिच्या हनुवटीखाली तळवा धरला.

दार उखडून गेलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. हातात हनुवटी अजून हलत होती.