डाव्या कोपऱ्यातला तळवा

“हा हात कुणाचा?”

*

डॉक्टर म्हणाले होते, अण्णांची थरथर वाढत जाईल. मदत करा, पण ते मागतील तेव्हाच.

*

आईची व्हॅसलीनची डबी रिकामी सापडली. थंडीला अजून अवकाश होता. तिने घरातल्या सगळ्यांच्या टाचा बघितल्या. सगळ्यांच्याच भेगाळलेल्या होत्या.

*

मशीनच्या बिडाच्या टेबलाला तेल लावायचं नाही. तेल लाकडात उतरतं आणि मग त्या जागी पॉलिश धरत नाही. मेण लावायचं आणि खांदा दुखेपर्यंत घासायचं.

*

अण्णांच्या शर्टांवर बटणं होती तशीच दिसत होती. आईने काजं शिवून बंद केली होती, बटणं त्यांच्यावर नुसती दिसायला लावली होती आणि आतून दाबाची बटणं लावली होती. हे काम तिने अण्णा झोपलेले असताना केलं. दुसऱ्या दिवशी अण्णांनी शर्ट चढवला, दोन बोटांनी टक् टक् बंद केला आणि पेपर वाचत बसले.

*

चालू मशीनवरच्या माणसाला मागून हाक मारायची नाही. छप्पर कोसळत असलं तरी.

*

“हा हात कुणाचा, मी विचारतेय,” अण्णांची थोरली लेक म्हणाली.

वर्कशॉपमधला पॉलिशवाला चहाचा मग घेऊन जवळ आला. फळ्या गुळगुळीत करणाऱ्या जुन्या रंधा मशीनचं लांबलचक टेबल तिने कालच साफ केलं होतं. ब्रशने धूळ झाडली, रॉकेल लावून गंज भिजवला, लाकडी ठोकळ्याला बारीक पाणीपेपर गुंडाळून एकाच दिशेने घासला, कोरडं पुसून मेण चढवलं. काल संध्याकाळी त्यात खिडकी दिसत होती. आज त्याच टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात एक तळवा उमटला होता. पाच बोटं, पेरांमधल्या फटी, अंगठ्याखालची उशी, सगळं तांबूस नारिंगी. मेण कोपऱ्याला कमी पडलं होतं आणि लोखंडाने रातोरात हात लिहून घेतला होता.

पॉलिशवाल्याने आपला पंजा शेजारी धरून दाखवला. “ताई, माझ्या हातानं गंज चढत नाही. तेवढं भाग्य फक्त अण्णांचं.”

आपण काय बोललो ते मग त्याच्या लक्षात आलं आणि त्याने मगात तोंड घातलं.

काही लोकांचा घाम खारट असतो. अण्णांचा तर पहिल्यापासून असा, की त्यांनी धरलेली पटाशी दुसऱ्या दिवशी डाग घेऊन उठायची. म्हणून त्यांच्या खिशात कायम एक फडकं. करवत पुसली, पाना पुसला, मशीनचं टेबल पुसलं. स्वतःच्या मागून स्वतःला पुसत जाणारा माणूस. एवढ्या वर्षांत त्यांच्या वर्कशॉपमध्ये गंज दिसला नाही तो त्या फडक्यामुळे.

आणि त्यांची बोटं शाबूत होती. या धंद्यात म्हातारा झालेला आणि दहाच्या दहा बोटं घेऊन बसलेला सुतार शोधावा लागतो. अण्णा अनोळखी सुताराला भेटले की आधी त्याचे हात बघायचे, मग तोंड.

थोरली त्या तळव्याकडे बघत राहिली. तळवा कुठेही असता तर तिने एवढं मनावर घेतलं नसतं. म्हातारा माणूस आला असेल, टेकला असेल. पण टेबलाचा हा कोपरा टेकायचा नव्हता. जुन्या मशीनचं बटण टेबलाखाली, आत दडलेलं. ते दाबायला वाकावं लागतं आणि वाकताना डावा हात बरोबर या कोपऱ्यावर येतो. टेबल पुसणाऱ्या माणसाला हा हात आठवत नाही, कारण तो ठेवलेला नसतो, पडलेला असतो.

म्हणजे ती आणि पॉलिशवाला दुपारी गिऱ्हाइकांकडे दारं बसवायला जात, तेव्हा अण्णा मशीन चालू करत होते. चहाची बशी ज्यांच्या हातात वाजते, ते अण्णा.

*

नवं मशीन घेतल्यापासून जुनं नुसतं उभं होतं. अण्णा हौसेने कधी एखादी फळी मारत, म्हणजे रंधून काढत, ते डॉक्टरांकडे जाऊन आल्यावर थांबलं, निदान तसं घरच्यांना वाटत होतं. जागा अडते म्हणून विकायचं ठरलं, तेव्हा थोरली शब्द जुळवत बसली होती आणि अण्णाच म्हणाले होते, वीक. लोखंड उभं राहिलं की स्वतःला खातं.

गिऱ्हाईक शुक्रवारी येणार होतं. तो माणूस दुसऱ्या गावात नवं वर्कशॉप टाकत होता. फोनवर त्याने एकच गोष्ट तीन-तीनदा विचारली होती, गंज नाही ना. गंजलेलं मशीन बघायला तो गाडीचं तेल जाळणार नव्हता.

त्या रात्री जेवताना थोरलीने आडून विषय काढला. म्हणाली, जुन्या मशीनवर परत डाग आलाय, हवाच दमट आहे बहुतेक. अण्णा म्हणाले, असेल. आईने अण्णांच्या वाटीखाली नेहमीसारखा ओला कपडा सरकवला, वाटी हलू नये म्हणून. थोरली म्हणाली, मशीन सुरू करून बघितलं पाहिजे, इतके दिवस बंद आहे. अण्णा म्हणाले, बघ की, तुझंच आहे आता.

त्यांचा चमचा ताटलीच्या कडेवर टिकटिकत होता. तिला त्या आवाजाखेरीज दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

तिने कुलूप विकत आणलं. पितळी, जड. दोन दिवस ते तिच्या पर्समध्ये पडून राहिलं. वर्कशॉपच्या दाराला आजवर कुलूप नव्हतं, नुसती कडी होती. घरात माणूस असताना त्या दाराला कुलूप घालणं म्हणजे त्या माणसाला तोंडावर सांगणं. तिने सकाळी तळवा घासून काढला आणि मेणाचा जाड थर दिला. दुसऱ्या सकाळी तिथे नवा तळवा होता. जरा तिरका.

*

गुरुवारी दुपारी तिने टेम्पो वाटेतून परत फिरवला. बिजागऱ्यांचा डबा विसरलाय, असं पॉलिशवाल्याला सांगितलं. डबा त्याच्या पायाशी होता. त्याने पाय जरा बाजूला घेतले.

फाटकातच आवाज आला. जुन्या मशीनची घरघर, मग वेग धरल्यावरची ती वरची शीळ. आई ओट्यावर बसून शिवत होती. तिने थोरलीला बघितलं आणि सुई तशीच हवेत धरली. “ते दार पुढं ओढून घेतात,” ती हळू म्हणाली. “मी इथं बसते. इथं बसले की आवाज येतो.” म्हणजे आवाज येत राहिला तर ठीक, असं तिला म्हणायचं होतं.

थोरलीने दार बोटभर ढकललं.

अण्णा पाठमोरे. टेबलावर हातभर फळी. मधे तो रूळ, ज्यात धारदार पाती बसवलेली असतात आणि जो मिनिटाला हजारो फेरे घेतो. त्यावरचं झाकण फळी पुढे सरकली की बाजूला होतं आणि फळी गेली की परत येतं. अण्णांचे दोन्ही हात फळीवर होते. दोन्ही थरथरत होते. फळीही बारीक थडथडत पुढे चालली होती, रुळाच्या दिशेने.

हाक मारायची नाही. तिच्या जिभेवर आलेलं ‘अण्णा’ तिने दातांखाली धरलं. ओरडावं तर ते दचकणार, दचकले की हात घसरणार. धावत जावं तर सावली पडणार. मेन स्विच त्यांच्या पलीकडच्या भिंतीवर. ती काहीच करू शकत नव्हती. हे तिला त्यांनीच शिकवलं होतं, ती जेमतेम टेबलाएवढी असताना. जीव गेला तरी बघत उभं राहायचं.

डावा हात रुळावरून पलीकडे गेला. झाकण मागे सरकलं. उजवा हात आता मधे होता. करंगळी फळीच्या कडेवरून खाली उतरली, परत वर चढली. अण्णांनी श्वास धरला होता. पाठीवरून कळत होतं. फळी पार झाली. झाकण टक् करून परत आलं. अण्णांनी फळी उचलली, उलटीपालटी करून बघितली, वरून बोट फिरवलं, जसं ते आयुष्यभर फिरवत आले, आणि ती पुन्हा अलीकडे ठेवली.

पुन्हा तेच. तिच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला तरी तिने पापणी हलवली नाही.

मग ते वाकले, डावा हात कोपऱ्यावर, उजव्याने बटण. शीळ उतरत गेली. रूळ पूर्ण थांबेपर्यंत ते उभे राहिले. खिशातून फडकं काढलं आणि अख्खं टेबल पुसलं, कोपरा सोडून.

तेव्हा ती आत गेली.

“कधीपासून चाललंय हे?”

अण्णांनी तिच्याकडे बघितलं, मग तिच्या मागे उघड्या दाराकडे. “उभी होतीस होय.”

“होते.”

“हाक मारली नाहीस.”

“नाही.”

“बरं केलंस.” त्यांनी फडक्याची घडी घालायला घेतली. घडी काही जमेना, तेव्हा तसंच खिशात कोंबलं. “हात आहेत अजून. मोजून घे.”

तिने पर्समधून कुलूप काढून मशीनवर ठेवलं. ते वाजलं. ती म्हणाली की आजपासून दाराला हे राहील, आणि किल्ली तिच्याकडे.

अण्णांनी कुलूप उचललं, तळहातावर जोखलं. कुलपाची कडी त्यांच्या हातात खुळखुळत होती. “चांगलंय,” ते म्हणाले. “पण उद्या मशीनच जाणार. मग आत काय कोंडणार आहेस?”

ते घरात गेले. टेबलावर लाकडाची एकही ढलपी नव्हती, खाली भुसा नव्हता. ते तिने पाहिलं. पण डोक्यात ती करंगळी होती.

*

शुक्रवारी सकाळी ती शेवटचा हात मारायला बसली. टेबल झालं, बाजूची पट्टी झाली, तिचे नटबोल्ट रॉकेलमध्ये बुडवून झाले. फक्त रूळ राहिला होता. रुळाला आजवर अण्णांशिवाय कुणी हात लावलेला नव्हता. पाती बसवणं हे त्यांचं खास काम. तिने मेन स्विच बंद केला, झाकण वर केलं आणि रूळ हाताने फिरवला.

खाच रिकामी. पुढची खाच, रिकामी. तिसरीही. पाती नव्हती, त्यांना धरणाऱ्या पट्ट्या नव्हत्या. नुसतं गुळगुळीत लोखंड. त्यावर लहान मूल हात ठेवू शकलं असतं.

ती झाकण धरून तशीच बसली. काल ऐकलेला आवाज तिला आता ऐकू आला. फळी वर आली की मशीनचा आवाज बदलतो, खरखरतो, चावतो. काल तो एकदाही बदलला नव्हता.

फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला.

गिऱ्हाईक तरुण होतं, बोलघेवडं, आणि सोबत स्वतःची फळी घेऊन आलं होतं. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून दारात येऊन उभे राहिले. गिऱ्हाइकाने आधी त्यांचे हात बघितले, सुतारच होता. मग टेबलावर उलटा हात फिरवला, वाकून उजेडात बघितलं, वा म्हणाला. असं ठेवलेलं जुनं मशीन आपण बघितलंच नाही, म्हणाला. अण्णांनी मान हलवली. त्यांनी हात पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट धरले होते.

“आजोबा, अजून चालवता का?”

“रोज,” अण्णा म्हणाले.

“मग एक फळी मारून दाखवा की.” गिऱ्हाइकाने फळी टेबलावर ठेवली आणि झाकणाकडे हात नेला.

अण्णा जागचे हलले नाहीत. शर्टाची वरची बटणं छातीवर हलत होती, कशातच न अडकलेली.

“पाती नाहीत त्यात,” थोरली म्हणाली. “कालच मी काढून ठेवलीत. धुवायचं होतं ना सगळं, रॉकेलनं. अण्णा रागावलेत माझ्यावर, त्यांना विचारलं नाही म्हणून.” ती अण्णांकडे वळली. “कुठं ठेवलीत हो तुम्ही नंतर?”

अण्णांनी तिच्याकडे बघितलं. मग ते म्हणाले, “दुसऱ्याच्या मशीनला न विचारता हात लावतात का,” आणि फळ्यांच्या मांडणीमागे गेले.

बाहेर आले ते एक गाठोडं घेऊन. गाठ थोरलीने सोडली. फडक्याच्या आत कागद, कागदात पाती आणि पट्ट्या, एकेक वेगळी गुंडाळलेली. व्हॅसलीनचा वास आला. गंजाचा ठिपकादेखील नव्हता. गिऱ्हाइकाने पातं उजेडात धरलं आणि अंगठ्याने धार चाचपली.

पाती तिने बसवली. अण्णांनी नुसतं सांगितलं. एक सरळ पट्टी रुळामागच्या टेबलावर, टोक रुळावर येईल अशी ठेवायची, रूळ हाताने फिरवायचा. पातं पट्टीला घासून केसभर पुढे ओढेल, तेवढंच वर हवं. ते डोळे मिटून, टेबलावर पंजा टेकून उभे होते. “जास्त. उतरव. अजून. हां. आता दुसरं.” लोखंडातून त्यांना ते कळत होतं. हात टेकलेला असला की थरथरत नव्हता.

फळी तिनेच मारली. आवाज बदलला. ढलप्या उडून अण्णांच्या चपलांवर पडल्या. त्यांनी त्या झटकल्या नाहीत.

दुपारी टेम्पोत मशीन चढवताना गिऱ्हाइकाचं लक्ष डाव्या कोपऱ्याकडे गेलं. अण्णांनी आत्ताच टेकलेला हात ओलसर उठून दिसत होता, आणि त्याच्याखाली घासूनही राहिलेली जुनी तांबूस सावली. त्याने विचारलं, हा डाग जाईल ना.

“नाही,” थोरली म्हणाली. “तो तसाच राहतो.”

कुलूप दोन दिवस खिडकीत पडून होतं. मग आईने ते पिठाच्या डब्याशेजारी, अडगळीच्या फळीवर टाकलं.

अण्णांनी पाती काढली ती डॉक्टरांकडे जायच्याही आधी; त्या दिवशी त्यांचा हात थरथरतो हे घरात अजून कुणालाही माहीत नव्हतं.