दोन चिचगडवाल्या

कुसुमबाईचे उपकार या जन्मी काई फिटत नाई. कायले, ते सांगतो.

आमच्या घरात दोन चिचगडवाल्या. मोठी म्हणजे माही जाऊ, लहान म्हणजे मी. सून ज्या गावची, त्या गावाच्या नावानं तिले हाक मारायची, अशी आमची रीत. आपलं नाव माहेरीच ठेवून यायचं. सासू, दीर, नवरा, सारे मले लहान चिचगडवाली म्हणत, आन मी बी ओ देत जाय.

मतदार यादीवाला आला तेव्हा त्यानं सासऱ्याले सुनांची नावं इचारली. बुढा म्हणे, "चिचगडवाली." त्यानं लिहून टाकलं, चिचगडबाई. दोघी जणीत एक नाव! पुढं कार्डाचे फोटो काढायले साहेब आले, तर मी जंगलात मोहफुलं वेचायले गेली होती. फोटो जावेचा निघाला. झालं, माहं मत कायमचं बुडालं!

निवडणूक झाली का धान कापताना साऱ्या बाया शाईची बोटं दाखवत. "तुहं बोट कोरंच काऊन वो?" म्हणून हसत. हसा बापा! मले लय जिवाले लागे. माह्या वाटचं मत जावेनं खाल्लं, असंच वाटे. तिच्याशी मी धड बोलत बी नसे.

दोन हजार नऊच्या पावसाळ्यात बुद्धविहारातल्या महिला मंडळाच्या कुसुमबाई घरोघर फिरून राहिल्या होत्या. ज्याचं नाव यादीत नाई, त्याचं लिहून घेत. आमच्याकडे आल्या आन म्हणल्या, "बाईचं नाव सांगा."

"लहान चिचगडवाली," माहा नवरा फागू म्हणे.

"हे गावाचं झालं, फागूभाऊ. बाईचं सांगा."

फागू खांबाकडे पाहे. बायकोचं नाव घेते का कोणी? मंग साऱ्यांनी माह्याकडे पाहिलं, तर मी पदर तोंडाले लावला. आपलंच नाव सांगायची लाज वाटे!

कुसुमबाई जवळ सरकल्या. "माय काय म्हणून हाक मारे वो तुले?"

"दुर्पते." तोंडातून निघून गेलं आन डोळ्याले पाणी आलं. माय मेल्यावर तसं कोणी म्हणलंच नव्हतं.

त्यांनी द्रौपदी नाई लिहिलं, दुर्पताच लिहिलं. पण पुरावा पाहिजे. तर माह्या शाळेचा दाखला काढायले ते बाई भर पावसात माह्यासंगं एसटीनं चिचगडले आली. सख्खी बहीण आली नसती.

मतदानाच्या दिवशी मी शाळेत गेली. माह्या मांगंच जाऊ उभी. आतल्या साहेबानं मोठ्यानं वाचलं, "दुर्पता फागू मडावी!" मी इकडंतिकडं पाहे, ही कोण बाई? जावेनं मांगून ढकललं. "अवो, तूच ना! जा ना वो!"

मत टाकलं. बोटाले शाई लागली. बाहेर येऊन मी बोट पाहूनच राहिली. एवढा आनंद मले लग्नात बी झाला नव्हता.

तेवढ्यात आतून आवाज आला, "चिचगडबाई बिसराम मडावी!" आत बसलेले माणसं फिदीफिदी हसले. एक म्हणे, "आता देवरी गावची देवरीबाई बलावा!" मले असा राग आला का बस! माह्या जावेले हसून राहिले हे?

जाऊ बाहेर आली, ते खाली मान घालून. शाईचं बोट पदरात लपवलेलं. मी तिले कधी असं पाहिलंच नव्हतं. मत तिनं टाकलं होतं, दरवेळी टाकलं होतं, पण तिचं नाव बी माहेरीच राहिलं होतं.

फाटकाबाहेर कुसुमबाई उभ्या होत्या. मी जावेचा हात धरला आन तिले ओढतच तिकडं नेलं. मोठ्या जावेचं नाव लहानीनं घेऊ नाई म्हणतात. लहानपणी चिचगडले आम्ही एकाच टोल्यात, एकाच वस्तीत खेळलो, तेव्हाचं ते मले पाठ होतं.

"कुसुमबाई, चिचगडबाई खोडा," मी म्हणली. "तिथं लिहा, सुकवारो."

बाजूले जाऊ हळूच म्हणे, "ओ."