धारेपाशी कोण?

मी ओरडायला शिकले ती रानात. आता शाळेत माईक माझ्याच हातात देतात, पण पूर्वी हजेरी देतानासुद्धा माझा आवाज फुटायचा नाही. रविवारी मात्र पप्पांच्या बाइकवर मागे मी, मांडीवर पान्यांची पिशवी! पप्पा बोअरच्या मोटारी दुरुस्त करतात. स्टार्टर असतो शेडमध्ये आणि पाइपाचं तोंड पार तिकडं उसात. पप्पा बटण दाबायचे, मी पाइपापाशी. आधी भुस्सकन हवा, मग गढूळ गुळणी, मग धार. "आलंऽऽ!" धार बारीक असली तर मोटर उलटी फिरतेय, तेही मीच ओरडायचे. मग पप्पा वायरी बदलायचे.

यंदा माझी थोरली बहीण प्रतिभाताई पुण्यातली एसी-दुरुस्तीच्या कंपनीतली नोकरी सोडून घरी आली आणि तिनं पप्पांच्या धंद्याला सिस्टीम लावली. निळे शर्ट, नवे मेकॅनिक, प्रत्येक कामाच्या ठरलेल्या पायऱ्या, शेवटी धारेचा फोटो. खरं सांगू? मला आवडलं! पूर्वी पप्पा भांडगावचं काम विसरून कासुर्डीला जायचे आणि शिव्या खायचे. आता फोन मी घेते, एकदम फर्डं बोलते.

पण ताईचा एक नियम होता. साइटवर घरचं पोर न्यायचं नाही.

"म्हणजे मी?"

"म्हणजे तूच, हर्षदा. हा शेवटचा रविवार."

 पप्पांनी बाइकला पिशवीसाठी हुक लावून घेतला.

त्या रविवारी मी ताईच्या स्कूटीवर कासुर्डीला गेले, कस्तुराबाई आजींच्या रानात. नव्या इम्रानदादानं बटण दाबलं आणि फोटोसाठी तो पाइपाकडं निघाला. मी बांधावर गप्प बसले.

"आगं, बिरदेवाची पोर ना तू? मुकी झालीस व्हय?" आजींनी हटकलं.

"आता फोटो काढतात, आजी."

"फोटूला काय करू? तू वराडल्याबिगर मला पाणी आल्यागत वाटत न्हाई."

ताई पायऱ्यांच्या कागदाकडं बघत राहिली.  मग मला एकदम सुचलं.

"मग आजी, तुम्हीच ओरडा की!"

"ह्या वयात?" म्हणेपर्यंत लुगडं खोचून त्या पाइपापाशी उभ्यासुद्धा! मोटर बंद करून इम्रानदादानं पुन्हा चालू केली. भुस्स, गुळणी, आणि आजींनी अशी हाळी दिली की उसातले बगळे उठले.

"आलं गं बयाऽऽ! आरं पन बारीक हाय, मुडद्या, बदल की!"

इम्रानदादानं हसत हसत वायरी बदलल्या. धार आजींच्या पायांवर आदळली. ताई पोट धरून हसत होती. तिनं पेन काढलं आणि फोटोच्या आधी एक पायरी घातली: शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला धारेपाशी उभं करणे, त्याने ओरडणे.

"आणि मी?"

"तुझ्यासाठी नियम तोच," ती म्हणाली, पण माझी वेणी ओढत.

काल दौंडला जाताना भांडगावला एसटी थांबली. उसातून कुणा पोराचा बारीक आवाज आला, "आलंऽऽ!" शेडपाशी निळा शर्ट दिसला. मी खिडकीतून अर्धी बाहेर.

"धार केवढी हायऽऽ?"

सगळी एसटी माझ्याकडं बघायला लागली. उसातून उत्तर आलं.

"मनगटाएवढीऽऽ!"