गाऱ्हाण्याचा दम

"फुंका, आजोबा! फुंका, फुंका, फुंका… अहो थांबलात काय!"

दवाखान्यातली नम्रता ओरडत होती. धाकूच्या नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी. डोळे पार बाहेर आले. स्क्रीनवरची रेघ जराशी उठली नि लगेच वाकली.

नळी काढून तो म्हणाला, "बाय, तुजा मशीन बिघाडलाय."

"मशीन चांगलंय. परत एकदा."

परत तेच.

आणि हा माणूस कोण, तर गावाचं गाऱ्हाणं घालणारा! शिमग्याला सहाणेवर, पालखी ठेवायच्या चौथऱ्यावर, उभा राहून देवाला हाक घातली की खालच्या वाडीतल्या म्हशी माना वर करायच्या. एका दमात लांबलचक ओळ, मग थांबा, नि त्या थांब्यात अख्खा गाव ओरडणार, "व्हय म्हाराजा!"

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. "बिडी ओढता?"

"सोडली."

"कधी?"

"आता. तुमच्या गेटावर."

नम्रता फिसकन हसली. डॉक्टर नाही हसले. "काम काय केलंत?"

"चिरेखाणीवर होतो. जांभा कापायचा."

"धुळीत तोंडाला फडकं?"

"फडका बांदून बिडी कशी वडायची?"

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. "छातीत बारीक बारीक फुगे असतात. धुरानं नि धुळीनं तुमच्या फुग्यांच्या भिंती फाटल्यात. हवा आत जाते, पण बाहेर ढकलायला जोर नाही. एम्फिसिमा म्हणतात. फाटलेलं शिवता येत नाही. बिडी बंद, हा तोंडानं ओढायचा औषधाचा पंप रोज, म्हणजे आहे ते टिकेल."

"मंजे वारा आतच हाय?"

"आतच अडकलाय."

"मग गाराना घालता येल?"

डॉक्टरांना प्रश्नच कळला नाही. "घरी कोण आहे तुमच्या?"

"हायत की. पोरगा मुंबईस, बायको फोटोत."

शिमग्याला गाव भरला. चाकरमान्यांच्या गाड्या देवळापर्यंत. पालखी सहाणेवर बसली तसा रघू स्पीकर घेऊन आला. गावकीची कामं हल्ली तोच बघतो.

"धाकूदा, यंदा खुर्चीवर बस. गेल्या वर्साचा तुजा गाराना मोबाईलात हाय. स्पीकरवर लावतो."

"आय घरात असताना तिच्या फोटोच्या पाया पडतोस काय रं?"

"तुला धाप लागते म्हणून बोललो."

"जल्ला तुजा स्पीकर! मी उबा हाय ना?"

बोलला खरा. मग देवळाच्या मागं जाऊन, कुणी बघत नाही असं बघून पंप ओढला. आज जमलं नाही तर पुढच्या वर्षी स्पीकरच. मग धाकूला हाक मारायला वर घराकडं कोण येणार?

तो उभा राहिला. नारळ पुढं धरला.

"हे देवा म्हाराजा, ही जी तुजी लेकरां आज…"

दम संपला. ओळ अर्धीच.

पण गाव कधी ओळ ऐकतो? गाव थांबा ऐकतो.

"व्हय म्हाराजा!"

तेवढ्यात त्यानं श्वास खेचून घेतला. "तुज्या दारात…"

"व्हय म्हाराजा!"

"हात जोडून उबी…"

"व्हय म्हाराजा!"

दर दोन शब्दांना थांबा, दर थांब्याला आरोळी. मुंबईची पोरं तर खूश, ओरडायला किती वेळा मिळतंय! गाऱ्हाणं पार लांबलं, पण शेवटाला पोचलं. धाकू घामानं निथळत होता. रघूनं पाठीवर थाप मारली. "धाकूदा, यंदा रंगलास हां!"

एवढी माणसं. एकाच्याही लक्षात आलं नाही.

उन्हं कलली तसे सगळे आपापल्या घरी पांगले. धाकूचं घर घाटीच्या वर, शेवटचं. अर्ध्या चढावर पाय थांबले. काजूच्या खोडाला हात टेकून तो उभा राहिला. तोंड उघडं, छातीत हवा गच्च.

थांबलं की आरोळी येते, त्या सवयीनं त्यानं कान दिला.

खाली कुणीतरी गाडी चालू केली. मग तीही गेली.

ओठांचा चंबू करून त्यानं अडकलेला वारा हळूहळू सोडला. "व्हय म्हाराजा," तो स्वतःशीच पुटपुटला, नि पुढचं पाऊल टाकलं.