खिंडव्वाची मोरी

मी एक जुनी खिंड आहे. घाट म्हणवून घ्यावं एवढी माझी उंची नाही, आणि उगाच मोठेपणा मिरवायची मला हौसही नाही. सोलापूरहून होटगीच्या पुढे दक्षिणेकडे निघालात की सपाट माळ संपतो आणि मुरमाची एक टेकडी आडवी येते. त्या टेकडीला मधोमध जी चीर आहे, ती मी. मित्रांनो, तुम्ही माझ्यातून गेलाही असाल, पण माझ्याकडे बघितलं नसेल. हल्ली सगळ्यांच्या माना मोबाईलमध्ये असतात.

मला पाण्यानं घडवलं. टेकडीवरचं पाणी उतरत गेलं आणि मुरूम झिजत गेला. मग त्याच वाटेनं बैलगाड्या आल्या. मंगळवेढ्याची ज्वारी माझ्यातून कानडी मुलखात गेली आणि तिकडची मिरची इकडे आली. पुढं रेल्वे आली तेव्हा माणसांनी सुरुंग लावून माझं अंग रुंद केलं. दुखलं, खोटं कशाला बोलू. आता वरच्या अंगाला डांबरी रस्ता आहे, खालच्या अंगाला रूळ आहेत आणि मधे मुरमाचा उंच कडा आहे. ती माणसं मात्र शहाणी होती. टेकडीचं पाणी अडून बसू नये म्हणून त्यांनी रस्त्याच्या आणि रुळांच्या खालून एक दगडी मोरी काढली आणि पाणी पलीकडच्या ओढ्याला लावून दिलं.

सिमेंटचे ट्रक, उसाच्या ट्रॉल्या, दवाखान्याला निघालेली माणसं, सुट्टीला गावी चाललेली, जुळे सोलापूरच्या वसाहतींतली नोकरदार मंडळी, सगळी माझ्यातूनच जातात. एकदा एक टँकर माझ्यात आडवा झाला, तर इकडचा माणूस इकडं आणि तिकडचा तिकडं अडकला. तेव्हा कुणीतरी म्हणालं, "ही खिंड म्हंजे आपला गळा हाय. दाबला की संपलं." त्या दिवशी मला ते ऐकून बरं वाटलं होतं. आता तेच वाक्य आठवलं की जीव घाबरा होतो.

मोरीच्या तोंडाशी शेंदूर फासलेला एक दगड होता. ती खिंडव्वा, म्हणजे खिंडीची आई. उतार लागायच्या आधी ड्रायव्हर तिथं थांबत, नारळ फोडत आणि पुढं जात. ईरप्पाही थांबायचा. होटगीजवळच्या गावातला हा ट्रक ड्रायव्हर, बोलायला तिखट पण मनानं साधा. एकदा उतारावर त्याच्या ट्रकचे ब्रेक गेले. त्यानं स्टेअरिंग वळवून ट्रक माझ्या कडेच्या मुरमाच्या ढिगात घातला आणि तो रुतून थांबला. अंगावर ओरखडा नाही. खाली उतरून तो खिंडव्वापुढं आडवा पडला आणि लेकरासारखा रडला. "अव्वा, तुला उघड्यावर ठिवणार न्हाय," असं तो म्हणाला.

नोकरी सुटल्यावर त्यानं शब्द पाळला. दगडाभोवती सिमेंटचा कट्टा बांधला, वर पत्रा घातला, गुळगुळीत फरशी बसवली. नारळ सोलायला कोपऱ्यात एक पहारही ठेवली. आणि देवीच्या पायाशी टेकडीचं गढूळ पाणी येतं, ते बरं दिसत नाही म्हणून मोरीचं तोंड बुजवून टाकलं. येणारा-जाणारा म्हणायचा, "लई बेस काम केलंस, ईरप्पा." मित्रांनो, त्या माणसानं खिंडव्वावरच्या मायेनंच माझा गळा आवळला होता. मी ओरडणार कशी? खिंडीला तोंड असतं, पण बोलता येत नाही.

हे पहिल्यांदा कळलं ते दानेश्वरीला. दानेश्वरी ही ईरप्पाची सून. ती रेल्वेच्या गँगमध्ये आहे आणि माझ्यातले रूळ तपासत रोज चालते. पाणी रस्त्याच्या वरच्या अंगाला तुंबत होतं आणि मुरत मुरत कड्यात उतरत होतं. कड्याला भेग पडली होती आणि तिच्या खालूनच गाड्या जात होत्या. ती वर आली आणि सासऱ्याला म्हणाली, "मामा, मोरी मोकळी करावी लागंल. कडा बसला तर गाडीवर यील."

"खिंडव्वाच्या अंगावर पहार घालू व्हय?" ईरप्पा म्हणाला. "तिच्यामुळं जित्ता हाय मी. तू कालची आलेली, मला शिकवतीस?"

"मी खालनं चालते मामा, रोज. तुमी वर बसताय."

त्या दिवसापासून तो तिच्या हातचं जेवेना. भाकरी वाढली की ताट सरकवून उठायचा. तिनं तिच्या ऑफिसात सांगितलं. साहेब आले, फोटो काढले आणि म्हणाले, रस्ता आमच्याकडे येत नाही. रस्तावाले आले आणि म्हणाले, कडा आमचा नाही. कट्टा मोडा असं मात्र कुणी म्हणेना. देवाच्या कामात हात घालून कोण शिव्या खाईल? जो तो आपलं आपलं बघून गेला आणि भेग वाढत राहिली.

मग परतीचा पाऊस आला. आमच्याकडे सगळा पावसाळा ढग नुसतं तोंड दाखवून जातात आणि जाताना असे कोसळतात. भर दुपारी टेकडीवरून लोंढे सुटले. पाणी कट्ट्याला धडकलं, वाट सापडेना म्हणून चढत गेलं. कड्याचा एक लचका सुटून खाली रुळांवर पडला. समोरून गाडी येत होती. दानेश्वरी लाल झेंडा घेऊन तिच्या दिशेनं धावत सुटली.

गाडी थांबली, पण पुढचे डबे माझ्या पोटात, बरोबर त्या भेगेखाली थांबले. ड्रायव्हर ती मागं घ्यायच्या खटपटीत होता. दानेश्वरी इंजिनाशेजारी उभी राहून वरच्या कड्याकडे हात करत होती. ईरप्पा पत्र्याखाली होता. पाणी त्याच्या गुडघ्यापर्यंत आलं होतं. तो रस्ता ओलांडून कड्याच्या टोकाशी आला आणि त्यानं वाकून खाली बघितलं. त्याला डब्यांच्या खिडक्यांतली माणसं दिसली आणि कड्याखाली उभी असलेली त्याची सून दिसली.

तो तसाच मागं फिरला आणि त्यानं कट्ट्याच्या कोपऱ्यातली नारळाची पहार उचलली. "तप्पायतु अव्वा, तप्पायतु," तो कानडीत पुटपुटत होता. चूक झाली आई, चूक झाली. आपल्या हातानं बसवलेल्या फरशीवर तो घाव घालत राहिला. मला वाटत होतं, या म्हाताऱ्याचे हात नकोत थकायला. मोरीचं तोंड फुटलं, पाणी हिसका मारून आत शिरलं आणि कट्टा त्याच्यावरच कोसळला. ढिगाऱ्याखाली त्याचा पाय सापडला. खिंडव्वा पाण्याबरोबर वाहून गेली.

वर तुंबलेलं पाणी उतरलं म्हणून कडा घडीभर तगला. गाडी मागं सरकली तसा कड्याचा मोठा भाग रिकाम्या रुळांवर आला. माणूस कुणी गेलं नाही. दानेश्वरी वर धावत आली, गँगच्या लोकांनी ढिगारा उचलला आणि तिनं सासऱ्याला ओढून बाहेर काढलं. तो तिला एवढंच म्हणाला, "भूक लागलीय गं."

खिंडव्वा नंतर ओढ्याच्या काठाला सापडली. शेंदूर सगळा धुऊन गेला होता. दानेश्वरीनं तो दगड पदरात धरून वर आणला. ईरप्पानं खिंडव्वाला पाण्याच्या वाटेपासून लांब, वरच्या उघड्या खडकावर बसवलं. ना कट्टा, ना पत्रा.

आता गोष्ट इथं संपायला हवी होती. पण परवा काही लोक आले. ट्रॅक्टरमध्ये फरशी होती, सिमेंट होतं. जुन्या जागीच मोठा कट्टा बांधायचा म्हणाले. ईरप्पा कुबडी टेकत गेला आणि मोरीच्या तोंडासमोर फतकल मारून बसला. म्हणाला, "आधी मला बुजवा. मग मोरी." लोक कुरकुरत गेले. फरशी मात्र रस्त्याच्या कडेला उतरवून ठेवली आहे. ती अजून तिथंच आहे.

मित्रांनो, ईरप्पा रोज येऊन बसतो, पण तो थकला आहे. पाय साथ देत नाही. मला नारळ नको, हारही नको. तुम्ही माझ्यातून जाल तेव्हा एकदा मोबाईलमधून मान वर करा आणि मोरीच्या तोंडाशी कुणी बसलंय का ते बघा. जागा रिकामी दिसली तर घडीभर तुम्ही बसा.