गुणाबाईने पुसलेले कोडे

मी एक जुना लाकडी फळा आहे. माझी उमेदीची सगळी वर्षे मूल नावाच्या गावातल्या वाचनालयाच्या पडवीत गेली. आलापल्लीच्या सागाच्या दोन फळ्या जोडून झिंगू सुताराने मला घडवले. कोळशाची पूड आणि वालाच्या पाल्याचा रस चोळून त्यानेच मला काळे केले. ते साल होते १९५४.

सुरुवातीला माझ्यावर बातम्या लिहीत. कधी एखाद्या हरवलेल्या बैलाचे वर्णनही असे. पण मित्रांनो, माझे खरे सुखाचे दिवस आले ते गुणवंतराव मास्तरांमुळे. मास्तर शाळेतून निवृत्त झाले होते, पण शिकवणे काही सुटले नव्हते. नागपूरहून येणाऱ्या साप्ताहिकात एक शब्दकोडे असे. अंक एकच आणि सोडवणारे पुष्कळ, म्हणून मास्तर दर रविवारी कोड्याची घरे माझ्यावर आखत आणि शेजारी त्याची सूचक वाक्ये लिहीत.

ही वाक्ये मोठी लबाड होती. एक होते, 'रामाला चौदा वर्षे पुरलेला जंगलातला सुगंध, चार अक्षरे.' आता रामाने सुगंध कुठे घेतला? मुले डोके खाजवत बसली. मास्तर म्हणाले, "वाक्याचा एक तुकडा अर्थ सांगतो अन दुसरा शब्द कसा जुळवायचा ते सांगतो. तुकडे वेगळे करा. जंगल म्हणजे?"

"वन!"

"सुगंध म्हणजे वास. आता दोन्ही जोडा."

"वनवास!" सगळी पडवी ओरडली. मला तर अंगभर शहारा आला.

मास्तरांचा एक नियम होता. उत्तर सुचले तरी लगेच लिहायचे नाही. ते का बरोबर आहे, हे आधी सगळ्यांना सांगायचे. सगळ्यांना पटले, तरच खडू मिळे. नूर मोहम्मद शिंपी यावर नेहमी कुरकुरत.

"मास्तर, जवाब बराबर हाय ना? मंग लिहू द्या नं. तिकडं गिऱ्हाईक बसलं हाय."

"बसू दे. काऊन बरोबर आहे, ते सांग पहिले."

ही चर्चा चाले, तेव्हा गुणाबाई पडवी झाडत असे. तिला अक्षरओळख नव्हती. पण इतर वेळी भराभर चालणारा तिचा झाडू त्या वेळी फार हळू चाले. हे कोणाच्या ध्यानात आले नाही. माझ्या आले. माझी सगळी घरे भरली की मास्तर शाईने उत्तरे अंकातल्या कुपनावर उतरवत, आणि मग गुणाबाई मला पुसून घेई.

१९५७ च्या दिवाळीत साप्ताहिकाने मोठे कोडे दिले. सगळी उत्तरे बरोबर देणाऱ्यांची नावे छापून येणार होती. मूलचे नाव तोवर एकदाही आले नव्हते, म्हणून सारे इरेला पेटले. शुक्रवारी संध्याकाळी शेवटचे घर भरले. पण मास्तरांना ताप चढला होता. कुपन कोरेच ठेवून ते घरी गेले.

शनिवारी सकाळी गुणाबाई दिवाळीची सारवण करायला आली. तिने पाहिले, घरे तर सगळी भरली आहेत. म्हणजे काम झाले. तिने मला पुसलेच, वर कोळसा आणि पाला चोळून नव्यासारखे काळेभोर केले. खरे सांगतो मित्रांनो, मी अगदी खुशीत होतो.

दुपारी नूर मोहम्मद आले आणि दारातच थबकले.

"बाई! हे का केलं तुमी?"

"काऊन? दिवाळी हाय. सारं गाव सारवून राह्यलं. फळ्यानं का पाप केलं?"

"अवं, कोडं उतरवलंच नव्हतं! आज संध्याकाळच्या गाडीनं टपाल गेलं पायजे!"

गुणाबाई मटकन खाली बसली. "साऱ्याइची मेहनत बुडवली मी. आता मास्तरले तोंड कसं दाखवू?"

नूर मोहम्मदांनी कपाटातून अंक काढला. त्यांची स्वतःची पाच उत्तरे त्यांना आठवत होती. बाकीचे लोक दिवाळीला गावोगावी गेले होते. सर्वांत जास्त उत्तरे देणारी वच्छला तर ब्रह्मपुरीला मामाकडे गेली होती. ते मोठ्याने वाचू लागले, "नाकावर पायातला दागिना चढवून गवतात उड्या मारतो. हे वच्छलाचं होतं. का होतं बुवा?"

"नाकतोडा," गुणाबाई हळूच म्हणाली.

"आं?"

"पायातला तोडा नाकाले लावला, त नाकतोडा होते. वच्छलीनं सांगतलं तवा मास्तर किती हासले होते!"

"अन हे? वेल उलटली अन नाचाले ठेका मिळाला?"

"वेल म्हंजे लता. उलटी केली त ताल."

एकामागून एक, वाचता न येणाऱ्या त्या बाईने अठरा उत्तरे कारणांसकट सांगितली. नूर मोहम्मद लिहिता लिहिता म्हणाले, "बाई, तुमी झाडत होत्या का शिकत होत्या?"

एकच घर राहिले; त्याचे सूचक वाक्य पुन्हापुन्हा वाचूनही दोघांना ते उलगडेना. शुक्रवारचे शेवटचे. ते मास्तरांनी तापाच्या भरात स्वतःच लिहिले होते. नूर मोहम्मद धावत त्यांच्या घरी गेले. मास्तर गोधडीतून म्हणाले, "मले काईच आठवत नाई रे." शेवटी ते घर कोरे ठेवूनच पाकीट गाडीत पडले.

तीन आठवड्यांनी निकाल आला. मूलचे नाव नव्हते. बाकी सगळे बरोबर, तेवढे एक घर कोरे. पडवीत कोणीतरी पुटपुटले, "फळा पुसला नसता त..." गुणाबाईने मान खाली घातली.

मास्तर उठून उभे राहिले. "बाईनं पुसलेली उत्तरं बाईनंच परत आणली. हे कोरं घर माझं आहे. मी कारण न सांगता लिहिलं, म्हणून ते कोणाच्याच डोक्यात राह्यलं नाई. माझ्याही नाई. नाव गेलं ते माझ्यामुळं."

गुणाबाईने झाडू उचलला. "मंग यापुढं तुमीबी सांगत जा मास्तर," ती म्हणाली. "मी आयकत असतो."

सगळ्यांत मोठ्याने हसले ते मास्तरच.

मित्रांनो, आता मी एका शाळेच्या वर्गात आहे. माझा जोड थोडा उकलला आहे. मला कोरड्या फडक्याने पुसा, खिळ्याने ओरखडू नका, एवढेच मागणे. आणि माझ्यावर उत्तर लिहाल, तेव्हा ते का बरोबर आहे हेही सांगा. जवळपास कोणी झाडत असेल, तर जरा मोठ्याने सांगा.